उठता येण्याचं बळ

वऱ्हाडातला दिवस जमिनीलगत जातो. जेवण खाली सतरंजीवर, भजन सभामंडपाच्या फरशीवर, निंदण वाकून नाहीतर उकिडवं बसून. संडास अजून बहुतेक घरांत खाली बसायचाच असतो. मयतीला गेलं तरी अंगणात खालीच टेकायचं. म्हणून इथं म्हातारपण केसांच्या आधी मांड्यांत कळतं. खाली बसल्यावर कुणाचा तरी हात धरल्याशिवाय उठता येईनासं झालं, की माणूस पंगतीला जायचं टाळतो. नंतर देवळात जाणं कमी होतं, मग शेजारच्या घरी जाणंही. रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. कुठलाही मोठा आजार न होता एक जिवंत माणूस गावातून हळूहळू वजा होतो आणि आपण म्हणतो, वय झालं.

हिवरखेड नावाची दोन गावं आपल्याकडे प्रसिद्ध आहेत, एक अकोल्याच्या तेल्हारा तालुक्यात आणि दुसरं अमरावतीच्या मोर्शी तालुक्यात. दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याशी, दोन्ही शेतीवर जगणारी. दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. तरुण पोरगा पुण्याला कामाला, सून आणि नातवंडं त्याच्याबरोबर नाहीतर अकोला-अमरावतीला शिक्षणापायी, आणि घरात साठी-सत्तरी ओलांडलेली दोन माणसं. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रातल्या दर दहा माणसांमागे जवळपास एक साठीपुढचा होता. जिथून तरुण बाहेर गेले त्या गावांत हे प्रमाण डोळ्यांना त्याहून मोठं दिसतं. अशा घरातला म्हातारा किंवा म्हातारी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते की नाही, यावर त्या घराचं सगळं गणित ठरतं. मुलाची नोकरी, लेकीचं येणं-जाणं, दवाखान्याचा खर्च, सगळंच.

ज्येष्ठांनी नियमित व्यायाम करावा, हे वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. डॉक्टर सांगतात, वर्तमानपत्रं सांगतात, मोबाइलवर रोज सकाळी कुणीतरी पाठवतं. तरी होत नाही. याचं खापर आपण म्हाताऱ्यांच्या आळसावर फोडतो आणि तिथंच चुकतो. जन्मभर रानात राबलेल्या माणसाला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. अडचण दोन गोष्टींची आहे. एक, आपली माया त्यांना बसवून ठेवते. दुसरी, गावात त्यांनी व्यायाम करावा अशी जागा, वेळ आणि सोबत आपण ठेवलेली नाही.

आधी मायेबद्दल. “बाबा, तुमी आता निवांत बसा, आमी आहो ना.” हे वाक्य म्हणणाऱ्या मुलाच्या मनात खोट नसते. बापानं उन्हातान्हात डवरणी केली, कर्ज फेडलं, शिकवलं. आता त्याला खाटेवर बसून चहा मिळावा, असं मुलाला मनापासून वाटतं. सासूच्या हातून घागर काढून घेणारी सून चांगलीच असते. पण शरीराला ही माया कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की या स्नायूंचं काम संपलं. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. ही माणसं आजारी नव्हती, त्यांना ताप नव्हता, जेवण व्यवस्थित होतं. नुसतं पडून राहणं एवढंच घडलं होतं. आपल्याकडे चिकनगुनियानंतर किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला महिनाभर हलू दिलं जात नाही. त्या महिन्यात त्याच्या मांड्यांचं काय होत असेल, ते यावरून ताडता येतं.

जागेकडे वळण्याआधी एक आक्षेप, तो म्हाताऱ्यांचा स्वतःचा असतो, आणि मला फार महत्त्वाचा वाटतो. “जन्मभर निंदलं, वेचलं, डोक्यावर पाणी आणलं. आता अखीन कायचा व्यायाम?” यात थकवा आहे, आणि व्यायाम हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचं कौतुक आहे ही जाणीवही आहे. तिला उडवून लावणारा माणूस वऱ्हाड ओळखत नाही. तरीही उत्तर दिलं पाहिजे.

कष्ट आणि व्यायाम यांत शरीराच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. कापूस वेचणारी बाई दिवसभर कमरेत वाकते, ओटीतलं ओझं एकाच बाजूला ओढत राहतं, विसावा कधी घ्यायचा हे तिच्या हातात नसतं, आणि उद्या पुन्हा तेच. काही स्नायू झिजेपर्यंत वापरले जातात, काहींना कामच पडत नाही. डेन्मार्कमधल्या एक लाखाहून अधिक माणसांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. मोकळ्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यू यांचा धोका कमी होता; जड अंगमेहनतीच्या कामात असणाऱ्यांना तो उलट जास्त होता. यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, कारण मजुराच्या वाट्याला गरिबीही येते. पण आपल्या रानातल्या माणसाला हा निष्कर्ष परका वाटणार नाही. कष्टानं शरीर घडतं तसं मोडतंही, हे त्यानं स्वतःच्या कमरेत अनुभवलेलं असतं. शिवाय तरुणपणी कमावलेलं बळ साठवून ठेवता येत नाही. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा काही हिस्सा जात राहतो, साठीनंतर त्याचा वेग वाढतो. पन्नाशीत दोन मण उचलणारा माणूस सत्तरीत रिकाम्या हातानं उठू शकत नाही, यात त्याचा जुना पराक्रम खोटा ठरत नाही. वापर थांबला, एवढाच त्याचा अर्थ.

मग सत्तरीत पुन्हा वापर सुरू केला तर बळ परत येतं का? या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत आनंदाचं वाटतं. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीन पट झाली. १९९४ मध्ये त्यांनीच शंभर माणसांवर मोठा प्रयोग केला, सरासरी वय ८७, आणि तिथंही ताकद दुपटीहून वर गेली. नव्वदीत होतं ते पासष्टीत होणार नाही, असं म्हणायला काही आधार उरत नाही.

या प्रयोगांत लोकांना चालायला लावलं नव्हतं, वजन उचलायला लावलं होतं. आपल्याकडे ज्येष्ठांचा व्यायाम म्हटलं की सकाळचा फेरफटका, इतकंच समीकरण झालं आहे. चालणं उत्तमच. साखर, रक्तदाब, मन, झोप, सगळ्याला चालल्यानं फायदा होतो. पण जमिनीवरून उठण्यासाठी मांडीत जे बळ लागतं ते सपाट रस्त्यावर चालून येत नाही, आणि पाय घसरल्यावर तोल सावरण्याची चपळाई तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यांत पासष्टीपुढच्यांसाठी तीन गोष्टी आहेत. आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, आणि निदान तीन दिवस तोल व ताकद यांचा मिळून सराव. पहिली सगळ्यांना माहीत आहे. दुसरी-तिसरी आपल्या गावांपर्यंत पोचलेलीच नाहीत.

आणि त्यांच्यावरच तर जीव अवलंबून असतो. “न्हाणीत पडले, खुबा मोडला, अन् मग काही उठलेच नाही.” ही गोष्ट वऱ्हाडातल्या प्रत्येक घराला कुठल्या ना कुठल्या नात्यातून ठाऊक आहे. जगभरात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात आणि त्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त, असं हीच संघटना सांगते. २०१९ मध्ये शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा व्यायामामुळे ज्येष्ठांचं पडणं २३ टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं. त्यातही तोल आणि ताकदीचा व्यायाम सगळ्यांत उपयोगी ठरला.

गुडघ्यांचं दुखणं हा यातला मोठा अडसर आहे. वाटी घासली, वंगण संपलं, आता जितकं कमी चालाल तितके गुडघे टिकतील, असा समज घराघरांत आहे. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आतबाहेर होतो सांधा हलल्यावर, त्याच्यावर भार पडल्या-सुटल्यावर. म्हणून संधिवाताच्या गुडघ्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करणं हा पहिल्या फळीचा उपचार मानला जातो. सुरुवातीला थोडं दुखतं. सूज येईपर्यंत करू नये, पण दुखेल या भीतीनं सोडूनही देऊ नये. पट्टा बांधून खाटेवर बसलेला गुडघा महिन्यागणिक जास्त अशक्त होत जातो, आणि अशक्त गुडघा अधिक दुखतो.

इथं एका गोष्टीची जाणीव ठेवायला हवी. साठीनंतरही ज्यांना रोजानं रानात जावं लागतं, त्यांना व्यायामाचा उपदेश करणं ही क्रूरता आहे. सत्तरीची विधवा दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, तेव्हा तिला आधी पेन्शन वेळेवर मिळाली पाहिजे, ताटात तुरीचं वरण पुरेसं पडलं पाहिजे. आपल्या घरांत म्हातारी बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते आणि डाळ तिच्या वाट्याला सर्वांत पातळ येते. डाळ, शेंगदाणे, दूध, दही असं काही पोटात गेलं नाही तर व्यायामानं स्नायू वाढणार कशाच्या जोरावर? वरणाची वाटी आणि व्यायाम यांची फारकत करता येत नाही.

आता जागेचा आणि सोबतीचा प्रश्न. व्यायामाच्या बाबतीत वऱ्हाड दरिद्री नाही, उलट श्रीमंत आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूनं तिथं कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. गावोगाव मारुतीच्या देवळाला लागून आखाडा असायचा, तांबडी माती, जोर-बैठका, मुद्गल. तेल्हाऱ्याकडच्या माणसाला वाण नदीकाठचा वारी भैरवगडचा हनुमान ठाऊक असतो. बळाची उपासना या मातीत मुरलेली आहे. तरी या परंपरेनं दोन माणसांसाठी दार कधी नीट उघडलं नाही, एक म्हातारा आणि दुसरी बाई. आखाडा तरुण पुरुषाचा होता. चाळिशीनंतर पहिलवान वस्ताद होऊन काठावर बसायचा, आणि बायका तर आखाड्याच्या बाजूनं जातही नसत. आज २०२२ च्या आकड्यांनुसार भारतातल्या निम्म्या प्रौढांची हालचाल अपुरी आहे, पुरुषांत सुमारे ४२ टक्के आणि बायकांत ५७ टक्के. बायकांचा आकडा मोठा असण्यामागे हे बंद दार आहे, असं मला वाटतं.

थोरांची उदाहरणं आपण पुष्कळ देतो. शेंडगावचे गाडगेबाबा उतारवयातही खराटा घेऊन गावं झाडत फिरले. विनोबांची भूदान पदयात्रा १९५१ साली सुरू झाली तेव्हा ते ५५ वर्षांचे होते, आणि पुढं तेरा वर्षं ते चालत राहिले. ही उदाहरणं मन उंचावतात, पण हिवरखेडच्या आजीला त्यांचा सकाळी सहा वाजता काही उपयोग होत नाही. तिला हवी असते शेजारीण. सोबत असली की लाज मोडते. सत्तरीच्या बाईनं एकटीनं अंगणात बैठका काढल्या तर लोक हसतील. वीस जणींनी मिळून काढल्या तर एकविसावी विचारत येईल.

सोबत तर आपल्याकडे तयार आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभा केला, आणि तिथून सामुदायिक ध्यान आणि सामुदायिक प्रार्थना वऱ्हाडातल्या गावागावांत गेली. आजही कितीतरी गावांत पहाटे आणि संध्याकाळी भगव्या टोप्या घातलेली माणसं ठरल्या वेळी रांगेत बसतात, आणि त्यांतली बरीच पन्नास-साठीपुढची असतात. हरिपाठाला बायका जमतात, कार्तिकात काकड्याला जमतात. शहरात ज्येष्ठांना एकत्र आणण्यासाठी संघ काढावे लागतात, बागा बांधाव्या लागतात. आपल्याकडे माणसं वेळेवर, रोज, न बोलावता येतात. या जमलेल्या माणसांनी प्रार्थनेआधी वीस मिनिटं उभं राहून व्यायाम केला तर त्यासाठी ना इमारत लागेल ना निधी. ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे, त्यामुळे हे महाराजांच्या विचाराला सोडून होईल असंही कुणी म्हणू शकणार नाही.

हरिपाठातल्या पावलीकडेही याच दृष्टीनं पाहायला हवं. टाळ धरून एक पाऊल पुढं, वजन एका पायावर, वळण, पुन्हा मागं, आणि हे सगळं तालात, इतरांच्या बरोबर. पडणं टाळण्यासाठी जगभर ज्या चिनी ताई-चीची शिफारस होते, तिच्यातही हेच आहे, भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेणं. ज्या आजीला ‘बॅलन्स ट्रेनिंग’ म्हटल्यावर काही उमगणार नाही, ती पावली मात्र जन्मापासून जाणते. मंडळातल्या वयस्क बायांना मागं बसवून टाळ देण्याऐवजी उभं करून पावलीत घेतलं, तर त्यांना हक्काचा व्यायाम मिळेल.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि कितीतरी म्हातारी माणसं त्यामुळे घराबाहेर पडू लागली. ही योजना आरोग्याचीही आहे, असं मी मानतो. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या गरजूंना ३००० रुपये मिळतात, चष्मा, काठी, कमरेचा नाहीतर गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी. योगोपचार केंद्राचाही उल्लेख तिच्यात आहे, पण गावात पैसे जातात ते पट्ट्याकडे आणि काठीकडे. काठी लागते, नाकारत नाही. पण काठी लागू नये यासाठी दहा वर्षं आधी काय करायचं, याचा हिशेब योजनांमध्ये दुबळा आहे. खुल्या व्यायामशाळा बऱ्याच गावांत बसल्या. त्यांची यंत्रं तरुणांच्या उंचीची आणि जोराची असतात, पायाखाली फरशी नसते, धरायला कठडा नसतो, आणि एक बेअरिंग गेलं की वर्षभर कुणी फिरकत नाही. त्यातल्या एका यंत्राच्या पैशात शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी नळी बसवता येईल. म्हाताऱ्या माणसाला टाचा उचलायला, एका पायावर उभं राहायला, अर्धं खाली बसून उठायला तेवढाच आधार पुरतो. नगरपरिषदेनं असो की ग्रामपंचायतीनं, हा एवढा खर्च केला तर पडून मोडलेल्या एका खुब्याच्या ऑपरेशनापेक्षा तो नक्कीच कमी असेल.

शिकवणार कोण, असं विचारलं जाईल. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली मुलं वऱ्हाडात काही कमी नाहीत. अमरावतीला तर शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय १९६७ पासून आहे. अशी पोरं पोलीस भरतीच्या तयारीसाठी रोज पहाटे गावाच्या रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांच्यातल्या एकाला थोडं मानधन देऊन, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून काय करायचं आणि काय टाळायचं हे समजावून, आठवड्यातून तीन दिवस ज्येष्ठांसमोर उभं करता येईल. आशाताईंनी आधी प्रत्येकाचा रक्तदाब बघावा. ज्याला चालताना छातीत दुखतं, चक्कर येते, नुकताच झटका येऊन गेला, त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. बाकीच्यांना घाबरण्याचं कारण नाही. त्यांच्या वयात खरा धोका बसून राहण्यात आहे.

घरच्यांनी काय करावं, तर हुकूम सोडू नये. पुण्याहून फोनवर “बाबा, चालता ना रोज?” असं विचारणं म्हणजे बापाला हो म्हणायला लावणं. त्याऐवजी दिवाळीला आल्यावर त्याच्याबरोबर चालावं, त्याला हात न देता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते बघावं, आणि होळीला आल्यावर पुन्हा बघावं. आईच्या हातचं सगळं काम काढून घेऊ नये. तिला जड घागर नको, पण अर्धी बादली उचलू द्यावी, भाकरी थापू द्यावी, खाली बसून भाजी चिरू द्यावी. त्या बसण्या-उठण्यातच तिचं बळ आहे.

सुरुवात कार्तिकात करावी, असं माझं म्हणणं आहे. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात म्हातारं माणूस घसरतं आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पहिला उत्साह तिथंच विरेल. कार्तिकात हवा चांगली असते, काकड्यामुळे लोक तसेही पहाटे उठतात. मात्र बाया कापूस वेचायला सकाळीच जातात, म्हणून त्यांचा वेळ संध्याकाळी हरिपाठाआधीचा ठेवावा. पहिला महिना नुसतं खुर्चीवरून किंवा ओट्यावरून उठणं-बसणं, भिंत धरून टाचा उचलणं आणि देवळाभोवती चालणं, एवढंच. दुसऱ्या महिन्यात दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या. ज्यांना जमेल त्यांनी पौषापासून आधार धरून जमिनीवर बसणं आणि उठणं सुरू करावं. फाल्गुनात ऊन वाढलं की सकाळची वेळ साडेपाचवर आणावी आणि चैत्र-वैशाखात चालणं सभामंडपातच, सावलीत. पावसाळ्यातही तोच सभामंडप. नाव लिहायची वही एका आजीच्या हाती द्यावी. जी दोन दिवस दिसली नाही तिच्या घरी तिसऱ्या दिवशी कुणीतरी जाऊन यावं. ती आजारी असेल तर तेही त्यातच कळेल.